‘पाठवा’ दाबलं, पुढे काय? (मोबाइल ॲपमधली पडद्यामागची नेटवर्क कामं)

कोरीपाटी | सोम, २३:१२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज अगदी गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

आमचं ॲप यंत्रतपासणीचं आहे. माणूस यंत्रासमोर उभा राहून फॉर्म भरतो, पाच-सहा फोटो काढतो आणि ‘पाठवा’ दाबतो. अँड्रॉइड, कोटलिन भाषा, नेटवर्कसाठी रेट्रोफिट लायब्ररी. पाठवायचं काम कोरूटीन (मध्ये थांबू शकणारं, रद्द करता येणारं काम) म्हणून व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये लाँच केलंय, म्हणजे पडद्याची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलशी जोडलेलं. आत तीनदा प्रयत्न करणारं लूप आहे, प्रत्येक प्रयत्नाभोवती ट्राय-कॅच (आत चूक झाली तर ती पकडणारा कोड), मध्ये दोन सेकंदांचा डिले (थांबा). प्रत्येक प्रयत्न फसला की लॉगमध्ये ‘नेटवर्क नाही’ अशी नोंद होते आणि तिन्ही फसले की पडद्यावर लाल पट्टी येते.

टेबलावर सगळं झकास चालतं. प्रत्यक्ष वापरात दोन तक्रारी येतात. काही फॉर्म सर्व्हरवर पोचतच नाहीत, आणि पाठवणारा शपथेवर सांगतो की लाल पट्टी दिसली नाही. दुसरीकडे काही फॉर्म दोनदा पोचतात, एखादा तीनदा.

एकाच कोडमधून हरवणंही निघतं आणि दुप्पट होणंही, हे मला झेपत नाहीये. तिनाऐवजी पाच प्रयत्न करून बघितले, तर हरवणं तसंच राहिलं आणि दुप्पट होणं वाढलं. कोड ऑफिसचा असल्याने इथे चिकटवता येत नाही, पण विचाराल ते शब्दांत सांगेन.

झटपट | सोम, २३:३०

फोरग्राउंड सर्व्हिस (ॲप मागे गेलं तरी चालत राहणारं काम) लाव. वर नोटिफिकेशन दिसत राहतं, ओएस (फोनची प्रणाली) हात लावत नाही. विषय संपला.

अर्धविराम | सोम, २३:५२

किंवा ग्लोबलस्कोप, म्हणजे काम पडद्याशी न बांधता आख्ख्या ॲपपुरतं चालवायचं. एका शब्दाचा बदल आहे. फोन आडवा केला की व्ह्यूमॉडेल मरत असणार आणि त्याच्याबरोबर तुझं काम. ग्लोबलस्कोपला त्याचं सोयरसुतक नसतं.

जुनाखोंड | मंगळ, ०७:०५

अर्धविराम, फोन आडवा केला की ॲक्टिव्हिटी (दिसणारा पडदा) नव्याने बनते, व्ह्यूमॉडेल टिकतं. ते टिकावं म्हणूनच तर आणलं. ते जातं ते वापरणारा ‘मागे’ दाबून पडदा कायमचा बंद करतो तेव्हा. आणि ‘पाठवा’ दाबल्यावर माणूस नेमकं तेच करतो.

जरा मागे जातो, म्हाताऱ्याला माफ करा. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० आलं आणि पडदा चालवणाऱ्या मुख्य थ्रेडवर नेटवर्कला हात लावला की ॲप जागच्या जागी कोसळायला लागलं. त्याआधी नुसतं अडकायचं. पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही की ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ची खिडकी यायची (ती आजही येते). त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं: मुख्य थ्रेडवरून हलवलं की झालं बॅकग्राउंड. एसिंकटास्क (काम दुसऱ्या थ्रेडवर नेणारं अँड्रॉइडचं जुनं साधन) त्याच समजुतीचं अपत्य. ते आधी एकामागून एक चालायचं, मग १.६ मध्ये समांतर चालायला लागलं, ३.० मध्ये पुन्हा एकामागून एक. कोणाचा कोड कशावर विसंबून आहे हे कोणालाच सांगता यायचं नाही. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ ला ते मोडीत निघालं तेव्हा मी तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

पण समीकरण डोक्यातून गेलेलं नाही, कोरूटीन आल्यावरही नाही. ‘बॅकग्राउंड’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळी कामं कोंबतो. एक पडद्यापुरतं: यादी मागवली, माणूस पडद्यावरून गेला, आता यादी आली काय आणि न आली काय. व्ह्यूमॉडेलस्कोप त्याच्यासाठी अगदी योग्य. दुसरं ॲपपुरतं: पडदा बदलला तरी चालू राहावं, ॲप मेलं तर मेलं. तिसरं ॲपपलीकडचं: प्रोसेस (ॲपचं मेमरीतलं चालू रूप) मरो, फोन बंद होऊन चालू होवो, काम झालंच पाहिजे. तुझा फॉर्म तिसऱ्यातला आहे आणि तू तो पहिल्याच्या हवाली केलायस. ग्लोबलस्कोप त्याला फार तर दुसऱ्यात नेईल.

तेव्हा थ्रेड कुठला, डिस्पॅचर (कोरूटीनला थ्रेड नेमून देणारा) कुठला हे नंतर बघू. आधी ठरव की हे काम किती जगायला हवं आणि तोवर त्याचा मालक कोण.

एक शंका आहे. लॉगमधल्या तीन अपयशांच्या वेळा बघून सांग. मध्ये दोन सेकंदांचं अंतर आहे का?

कोरीपाटी | मंगळ, १०:४१

अहो काका, नाही! हरवलेल्या फॉर्मच्या तिन्ही नोंदी एकाच सेकंदातल्या आहेत. दोन ठिकाणी तर मिलिसेकंदही तोच. डिले चाललाच नाही की काय?

जुनाखोंड | मंगळ, ११:२०

मग चोर सापडला. तुझ्या कॅचमध्ये सरसकट ‘एक्सेप्शन’ (फेकलेलं काहीही) पकडलंय ना?

कोरूटीन रद्द होतं तेव्हा आत थांबलेलं फंक्शन कॅन्सलेशनएक्सेप्शन फेकतं. ‘आता आवरा’ असा तो निरोप असतो, चूक नसते. तू ते पकडलंस आणि नेटवर्क गेलं असं समजून डिलेकडे गेलीस. कोरूटीन आधीच रद्द झालेलं, म्हणून डिलेही क्षणात तेच फेकतो. डिलेही ट्रायच्या आत असणार. मग दुसरा प्रयत्न, तोही क्षणात फसला, मग तिसरा. लॉगची नोंद साधी फाइल-लेखनाची असल्याने ती मात्र होते. पडदा बंद झालेला, तेव्हा लाल पट्टी दाखवायची कोणाला? नेटवर्क ठणठणीत होतं, लॉग धडधडीत खोटं बोलत होता.

उपाय: कॅन्सलेशनएक्सेप्शन आलं तर ते जसंच्या तसं पुढे फेकायचं, आणि कॅचमध्ये फक्त आयओएक्सेप्शन (नेटवर्कची चूक) आणि एचटीटीपीएक्सेप्शन (सर्व्हरने परत केलेली चूक) धरायचं. रनकॅचिंग (कोटलिनचं तयार ट्राय-कॅच) वापरत असशील तर तिथेही हाच सापळा आहे, ते सगळंच गिळतं.

याने फॉर्म वाचणार नाही हं. लॉग खरं बोलायला लागेल, एवढंच.

सर्व्हरवाला | मंगळ, १३:०८

दुसऱ्या तक्रारीवर मी बोलतो, रोज निस्तरतो म्हणून.

ओकेएचटीटीपीच्या (रेट्रोफिटच्या पोटातली नेटवर्क लायब्ररी) टाइमआउटला, म्हणजे वाट बघण्याच्या मर्यादेला, हात लावला नसशील तर जोडणीला १०, वाचायला १० आणि लिहायला १० सेकंद असतात. फॉर्म आणि फोटो आले, सर्व्हरने फोटो लहान केले, नोंद केली, उत्तर तयार केलं आणि तेवढ्यात अकरा सेकंद झाले. तुझ्या बाजूला टाइमआउट. तू म्हणतेस ‘फसलं’, मी म्हणतो ‘झालं’, आणि दोघेही आपापल्या जागी खरे. मग तू पुन्हा पाठवतेस आणि मी इमानदारीत दुसरी नोंद करतो. प्रयत्न वाढवलेस म्हणून दुप्पट होणं वाढलं.

टाइमआउट या शब्दाचा अर्थ ‘झालं नाही’ असा नाही, ‘माहीत नाही’ असा आहे. हे एकदा मान्य केलं की उपाय आपोआप सुचतो. फॉर्म तयार होताच ॲपमध्येच एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळखक्रमांक) बनव, तो फॉर्मबरोबर डेटाबेसमध्ये लिहून ठेव आणि प्रत्येक प्रयत्नात तोच पाठव. सर्व्हरवर त्या रकान्याला युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम). दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता पहिल्या वेळचंच उत्तर परत. यालाच आयडेम्पोटन्सी की म्हणतात. नाव भारदस्त, काम पावती-नंबराचं.

यूयूआयडी प्रयत्नांच्या लूपमध्ये बनवू नकोस. हसू नका, हे पाहिलेलं आहे.

आणि पुन्हा प्रयत्न सरसकट नको. सर्व्हरकडून ४०० किंवा ४२२ (पाठवलेल्यातच चूक) आलं तर तोच फॉर्म हजारदा पाठवूनही तेच येणार. ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) किंवा टाइमआउटला थांबून प्रयत्न. ४२९ (फार वेळा विचारलंस) आलं आणि सोबत रीट्राय-आफ्टर (इतक्या वेळाने ये) असेल तर तेवढं थांबायचंच. थांबण्याची वेळ दर वेळी दुप्पट, आणि त्यात थोडा यादृच्छिक भाग. तो नसेल तर सर्व्हर पडून उठल्यावर सगळे फोन एकाच सेकंदाला दार ठोठावतात आणि तो बिचारा पुन्हा झोपतो.

झटपट | मंगळ, १३:४०

सर्व्हरच्या लोकांना विनवण्या कशाला? फॉर्मचा हॅश (आशयावरून काढलेला ठसा) काढा, तोच हॅश पुन्हा आला की टाकून द्या.

सर्व्हरवाला | मंगळ, १३:५५

त्याच यंत्राची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली आणि फॉर्ममध्ये तारीख नसेल, तर आशय हुबेहूब तोच निघू शकतो. ती खरी नोंद असेल आणि तू ती केरात टाकशील. आशय सारखा असणं वेगळं आणि पाठवण्याची कृती तीच असणं वेगळं.

अर्धविराम | मंगळ, १४:१०

व्ह्यूमॉडेलबद्दल मी चुकलो, मान्य. वाखूसा (वाचनखूण साठवली). वर्कमॅनेजर (कामं जपून ठेवून नंतर करणारं अँड्रॉइडचं साधन) कधी येतोय याची वाट बघतोय.

जुनाखोंड | मंगळ, २१:१५

आला. आधी झटपटचं देणं फेडतो.

फोरग्राउंड सर्व्हिस वाईट नाही. गाणं वाजतंय, रस्ता दाखवतोय, अशा माणसाला दिसणाऱ्या कामासाठी ती आहे. पण अँड्रॉइड १२ पासून ॲप मागे असताना ती सुरू करता येत नाही (अपवाद मोजके), १४ पासून तिचा प्रकार जाहीर करावा लागतो, आणि १५ मध्ये डेटासिंक (माहिती पाठवणं-आणणं) प्रकाराला २४ तासांत एकूण ६ तास मिळतात. हे सगळं चालवून घेतलं तरी मूळ दुखणं राहतंच: प्रोसेस मेली तर काय पाठवायचं राहिलंय हे त्या सर्व्हिसला आठवत नाही. तिच्याकडे वही नाही.

कोरीपाटी, तुझा क्रम असा ठेव. ‘पाठवा’ दाबलं की फॉर्म रूममध्ये (फोनवरच्या डेटाबेसात) लिहायचा, फोटो ॲपच्या स्वतःच्या फाइल्समध्ये, स्थिती ‘बाकी’. लिहून झालं की वर्कमॅनेजरला काम सांगायचं: नेटवर्क असेल तेव्हा हा क्रमांक पाठव. पडदा नेटवर्ककडे बघतच नाही, तो फक्त डेटाबेसकडे बघतो. वर्कर (वर्कमॅनेजर चालवतो तो तुझा कोड) रांगेतून उचलतो, पाठवतो, स्थिती बदलतो.

वर्कमॅनेजरकडे वही आहे. आपली कामं तो स्वतःच्या डेटाबेसात ठेवतो, म्हणून फोन पुन्हा सुरू झाला तरी विसरत नाही. वर्करला द्यायच्या माहितीला १० केबीची मर्यादा आहे; तिथे फॉर्म कोंबू नकोस, क्रमांक दे. एका खेपेला साधारण १० मिनिटं मिळतात. वर्करने रीट्राय (‘पुन्हा कर’) परत केलं तर ३० सेकंदांपासून थांबणं वाढत वाढत कमाल ५ तासांपर्यंत जातं, पण किती वेळा करायचं हे तो ठरवत नाही. खेप मोजून कुठे थांबायचं ते तूच बघ. ठरावीक काळाने होणारं काम हवं असेल तर १५ मिनिटांच्या आत मागू नकोस, मिळणार नाही.

आणि ‘होईल’ एवढीच हमी आहे, ‘आत्ता होईल’ अशी नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून डोझ (बॅटरी वाचवणारी डुलकी) आहे. फोन चार्जरविना निपचित पडून असेल तर नेटवर्कची दारं मधून मधूनच उघडतात. २०१८ च्या ९ पासून कमी वापरलेल्या ॲपला आणखी मागच्या बाकावर बसवतात. माणसाने सेटिंगमध्ये जाऊन ‘सक्तीने थांबवा’ दाबलं तर पुन्हा ॲप उघडेपर्यंत काहीच हलत नाही. काही फोन-कंपन्या बॅटरी वाचवण्याच्या नादात याहून पुढे जातात, त्यावर बोलायला लागलो तर धागा भरकटेल.

सफरचंदी | बुध, ००:२०

आयओएसवाल्यांनी काय घोडं मारलंय?

कोरीपाटी | बुध, ०९:०२

सांगा की! ती आवृत्तीही माझ्याच गळ्यात पडणार आहे.

सफरचंदी | बुध, १२:३५

आमच्याकडे तत्त्वज्ञानच निराळं. तुझं ॲप मागे जाऊन कामं करत बसेल हे ॲपलला मान्यच नाही. काम ओएसला देऊन तू झोप, असा खाक्या आहे. २०१३ च्या आयओएस ७ पासून यूआरएलसेशनची (ॲपलचं नेटवर्कचं साधन) बॅकग्राउंड कॉन्फिगरेशन आहे. तिच्यातून दिलेलं अपलोड तुझ्या ॲपबाहेरची प्रोसेस करते. ॲप निजलं, अगदी ओएसने मेमरीसाठी मारलं, तरी ते चालू राहतं आणि झालं की ओएस तुला उठवून निकाल हातात देतं. त्यासाठी सेशन त्याच ओळखनावाने पुन्हा बनवावं लागतं.

अटी ऐक. अपलोड फाइलवरूनच, मेमरीतल्या डेटावरून नाही, म्हणजे मल्टिपार्टचा (फॉर्म आणि फोटो एकत्र बांधलेल्या विनंतीचा) सगळा मजकूर आधी फाइलमध्ये लिहायचा. कंप्लिशन हँडलर (काम झाल्यावर चालवायचा जागचा कोड) चालत नाही, डेलिगेट (निकाल घेणारा वेगळा ऑब्जेक्ट) लागतो. आणि वापरणाऱ्याने ॲप स्विचरमधून वर सरकवून ॲप फेकलं तर सगळी अपलोडं रद्द. कितीतरी लोक सवयीने तेच करतात, म्हणून पुढच्या वेळी ॲप उघडताच ‘बाकी’ रांग तपासणं इथेही चुकत नाही.

माझे सर्वांत जास्त दिवस ज्याने खाल्ले ते सांगतो. मी सहा फोटो एकामागून एक पाठवत होतो: पहिला झाला, ओएसने उठवलं, मी दुसरा टाकला, पुन्हा झोप. पहिला लगेच जायचा, दुसरा जरा उशिरा, पाचवा जाईतो आख्खी रात्र. कारण असं, की ॲप असं मागून उठून नवं काम टाकतं तेव्हा ओएस दर वेळी उशीर वाढवत नेतं. शिवाय मागे असताना टाकलेलं काम ‘सवडीने करायचं’ धरलं जातं. सहाही एकदम, ॲप समोर असतानाच रांगेत टाकले आणि प्रश्न मिटला.

दुसरं, फोन कुलूपबंद असताना किचेनमधला (ॲपलच्या गुप्त तिजोरीतला) टोकन (लॉगिनची खूण) वाचता येईल का हे त्याला ठेवताना कुठला पर्याय दिलास त्यावर ठरतं. ‘अनलॉक असतानाच’ असेल तर मागे उठलेल्या ॲपला टोकन मिळत नाही, आणि तू सर्व्हरला शिव्या घालत बसतेस. ‘पहिल्या अनलॉकनंतर’ हा पर्याय हवा.

आयओएस १३ पासूनचं बीजीटास्कशेड्यूलर (मागे असताना अधूनमधून काम करू देणारं साधन) वेगळ्या कामाचं आहे. रिफ्रेशला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो, आणि तू दिलेली वेळ म्हणजे ‘याच्या आधी नको’, ‘याच वेळी’ नव्हे. त्याच्यावर फॉर्म सोडू नकोस.

फडफड | बुध, १५:१८

अवांतर, पण जुनाखोंड यांच्या समीकरणावरून आठवलं. फ्लटरमध्ये (डार्ट भाषेत ॲप बनवायचं साधन) एसिंक-अवेट (वाट बघायचा कोड) लिहिलं की काम दुसऱ्या थ्रेडवर गेलं असं नव्या मुलांना हमखास वाटतं. डार्टचा तुमचा सगळा कोड एकाच आयसोलेटमध्ये (डार्टचा स्वतंत्र कप्पा) चालतो. नेटवर्कची वाट बघताना तो मोकळा असतो, पण उत्तर आल्यावर भलामोठा जेसन (सर्व्हरने पाठवलेली मजकूररूपी माहिती) उलगडायला बसला की पडदा तेवढा वेळ थिजतो. साठ हर्ट्झला एका फ्रेमला सोळा मिलिसेकंद, मोजून बघा. जेसन मोठा असेल तर आयसोलेट.रन किंवा कंप्यूट, म्हणजे काम दुसऱ्या आयसोलेटमध्ये. लहान असेल तर उगाच नाही, आयसोलेट उभारायलाही वेळ लागतो.

मधलीसुट्टी | गुरु, १०:५०

टेस्टिंगवाल्यांना कोणी विचारत नाही म्हणून न विचारता सांगते. विमान मोड चालू-बंद करून जे तपासतात त्यांना हे दोष सापडत नाहीत. विमान मोडमध्ये ॲपला लगेच कळतं की नेटवर्क नाही. खरा त्रास अर्धवट नेटवर्कचा असतो: जोडलेलं दिसतं पण बाइट हलत नाहीत, किंवा वायफायला लॉगिनचं पान आडवं येतं आणि तुमच्या जेसनच्या जागी २०० (‘सगळं ठीक’) कोडसह एचटीएमएल येतं. ते उलगडताना फसलं तर तुमचं ॲप काय समजतं?

‘सर्व्हरला पोचलं पण उत्तर आलं नाही’ हे मुद्दाम घडवायला मॉकवेबसर्व्हर (तपासणीसाठीचा खोटा सर्व्हर) आहे. विनंती पूर्ण वाचून जोडणी तोड असं त्याला सांगता येतं. दुप्पट नोंदीचा दोष पहिल्या फटक्यात दिसतो.

आणि प्रोसेस मारायची तर ॲप मागे नेऊन एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) ‘एएम किल’ने मारा. ‘फोर्स-स्टॉप’ वापराल तर वर्कमॅनेजरची कामंही थांबतात आणि मग ‘चालतच नाही’ म्हणून डेव्हलपरच्या डोक्यावर बसाल. मी बसले होते.

कोरीपाटी | पुढचा गुरु, २२:३०

आठवडाभर गायब होते, आता हिशेब देते.

रूम, यूयूआयडी, वर्कमॅनेजर झालं. सर्व्हरच्या मंडळींनी युनिक कन्स्ट्रेंट दोन दिवसांत दिला (मला महिना धरावा लागेल असं वाटलं होतं). दुप्पट नोंदी थांबल्या. पण हरवणं थांबायच्या ऐवजी वाढलं! आगीतून फुफाट्यात.

तीन कारणं निघाली आणि तिन्ही माझीच. एक, युनिक वर्कला (एका नावाचं एकच काम ठेवायची वर्कमॅनेजरची सोय) मी सगळ्या फॉर्मसाठी एकच नाव दिलं होतं आणि धोरण रिप्लेस (जुनं काढून नवं). दुसरा फॉर्म टाकला की पहिल्याचं चालू अपलोड रद्द. आता नावात फॉर्मचा यूयूआयडी आहे आणि धोरण कीप (जुनंच राहू दे).

दोन, जुनी सवय. वर्करमध्येही सरसकट कॅच. नेटवर्क मध्येच गेलं की वर्कमॅनेजर वर्कर थांबवतो, मी ते पकडायचे आणि रांगेत ‘कायमचं फसलं’ लिहायचे. मग तो पुन्हा सुरू झाला की ती ओळ बघून गुपचूप परत जायचा.

तीन, फोटो कॅश फोल्डरमध्ये (तात्पुरत्या फाइलींची जागा) होते. जागा कमी पडली की ओएस ते पुसतं. एका फोनवर फॉर्म शिल्लक, फोटो नाहीत.

जुनाखोंड | पुढचा गुरु, २३:०१

एक नाव आणि रिप्लेस, हे मीही केलंय. अपेंड (जुन्याच्या मागे नवं जोडायचं धोरण) वापरायचा मोह झाला तर जपून: साखळीतलं आधीचं काम कायमचं फसलं की त्याच्या मागे जोडलेलीही फसतात.

सर्व्हरवाला | पुढचा शुक्र, ०९:१५

टोकनकडेही बघ. आता एकाच वेळी चार वर्कर धावतील. टोकन संपलेला असेल तर चौघांना ४०१ (ओळख पटली नाही), आणि चौघेही नवा टोकन आणायला पळतील. रीफ्रेश टोकन (नवा टोकन मिळवायचा टोकन) एकदाच चालणारा असेल तर पहिला जिंकतो आणि उरलेले तिघे माणसाला लॉगआउट करून टाकतात. नव्या टोकनवर म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) ठेव. आत शिरल्यावर आधी बघ की दुसऱ्या कोणी तो आणलाय का.

कोरीपाटी | पुढचा शुक्र, २०:४४

अगदी हेच दोनदा झालं होतं आणि आम्ही ‘काहीतरी विचित्र’ म्हणून सोडून दिलं होतं. म्युटेक्स लावला.

पडद्यावर ‘पाठवलं’ हा शब्दच काढून टाकला. आता तीन स्थिती: ‘जपून ठेवलं’, ‘वाटेत’, ‘पोचलं’. शेवटची सर्व्हरचं उत्तर आल्यावरच. पहिली ताबडतोब दिसते, त्यामुळे लोक ‘पाठवा’ पुन्हा पुन्हा दाबायचे तेही बंद झालं.

मधलीसुट्टी | पुढचा शुक्र, २१:३०

छान. आता ‘वाटेत’ असताना लॉगआउट केलं आणि त्याच फोनवर दुसऱ्याने लॉगिन केलं तर?

कोरीपाटी | पुढचा शुक्र, २३:५८

करून बघितलं. पहिल्याचा फॉर्म दुसऱ्याच्या नावावर गेला. 🤦

रांगेच्या प्रत्येक ओळीत आता वापरणाऱ्याचा क्रमांक टाकलाय. वर्कर टोकन उचलताना तो जुळतोय का बघतो, नसेल तर हात न लावता ओळ तशीच ठेवतो. तोच माणूस परत आला की त्याची रांग पुढे सरकते. लॉगआउट करताना डेटाबेस पुसायचो, तोही आता ‘बाकी’ ओळी वगळून पुसतो, आणि ‘दोन फॉर्म अजून वाटेत आहेत’ असं आधी विचारतो.